नोंद तेहतीस, नोंद चौतीस

फक्की संपली होती. मैदानाचा अर्धा भाग पांढऱ्या रेघांनी आखून झाला आणि उरलेल्या अर्ध्यासाठी दोन मुली शाळेमागच्या घरातून चुलीतली राख घमेल्यात भरून घेऊन आल्या. त्यामुळे किन्हवलीच्या पंचक्रोशीतल्या त्या कबड्डीच्या मैदानाला एका अंगाला पांढरी निदान रेषा होती आणि दुसऱ्या अंगाला करडी. उजवा कोपरा खेळणारी मुलगी मला समजावून सांगत होती, "राखेची लवकर पुसते. मग पंच इचारतात, लाइन कुठंय? सांगायचं, आत्ता होती."

नवरात्र चालू होतं आणि पाऊस जायचं नाव घेत नव्हता. शहापूरहून येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात उभं होतं, हळवं तर पिवळं पडायला लागलेलं, आणि माणसं शेताकडे कमी, आभाळाकडे जास्त बघत होती. मला शाळेत बोलावलं होतं ते कबड्डी बघायला नव्हे. वादविवाद स्पर्धेला परीक्षक हवा होता. विषय फळ्यावर सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलेला: 'महिलांच्या खेळासाठी निधी मिळणार असेल तर जुगाराच्या कायद्यात प्रायोगिक तत्त्वावर बदल करावेत.' क्रीडाशिक्षकांनीच तो सुचवला होता. "दरवर्षी मोबाइल शाप की वरदान असतंच," ते म्हणाले. "यंदा म्हटलं, जरा पैशाचं बोलू."

वादविवाद व्हरांड्यात झाला. दोघी बाजूने, दोघी विरुद्ध, आणि ऐकायला सगळी शाळा. पाऊस थांबायची वाट बघत असलेले चार-दोन पालक, कुणाची तरी आई, चहा घेऊन आलेला टपरीवाला हेही हळूहळू त्यात सामील झाले. परीक्षक म्हणून मी त्यांना गप्प करायला हवं होतं. केलं नाही.

विषय हवेतून आलेला नव्हता. २०२५ सालात महाराष्ट्रात खेळ आणि जुगार एकमेकांच्या इतके अंगावर आले होते की दोघांना वेगळं ओळखणं अवघड व्हावं. जुलैमध्ये, विधान परिषदेत बसलेले कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा डाव दिसतो आहे, अशी चित्रफीत आमदार रोहित पवारांनी समाजमाध्यमावर टाकली. आपण रमी खेळत नव्हतो, मध्येच आलेली जाहिरात बंद करत होतो, असं कोकाट्यांनी सांगितलं. खरं काय, यात मी पडत नाही. मला रस आहे तो पुढच्या घटनेत. ३१ जुलैला खातेबदल झाला, कृषी खातं दत्तात्रय भरणे यांच्याकडे गेलं आणि कोकाट्यांना मिळालं ते क्रीडा व युवक कल्याण खातं. व्हरांड्यातल्या वादविवादात बाजूने बोलणाऱ्या मुलीने पहिल्याच मिनिटात हा मुद्दा काढला. "मंत्र्यांवर पत्त्यांचा आरोप झाला. सरकारने त्यांना खेळाचं खातं दिलं. म्हणजे पत्ते हा खेळ आहे, हे सरकारला आधीच मान्य आहे." व्हरांडा हसला. तिला मी दोन गुण जास्त दिले. नियमात बसत नव्हते तरी दिले.

पुढच्याच महिन्यात दिल्लीने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. २० ऑगस्टला लोकसभा, २१ला राज्यसभा, २२ला राष्ट्रपतींची सही. तीन दिवसांत कायदा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. जवळपास ४५ कोटी लोक या खेळांत वर्षाला २० हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाज तेव्हा सरकारतर्फे सांगितला गेला. त्याच सुमारास भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवरून 'ड्रीम ११' हे नाव उतरलं. ३५८ कोटींचा तीन वर्षांचा करार होता. सप्टेंबरात आशिया चषकाला पुरुषांचा संघ कोऱ्या छातीने खेळला. आणि तेवढ्यात टायर बनवणारी एक कंपनी पुढे आली, बातम्यांनुसार ५७९ कोटी घेऊन. जुगाराचा पैसा गेला तर खेळ मरेल, असं म्हणणाऱ्यांना क्रिकेटपुरतं उत्तर महिन्याभरात मिळालं. क्रिकेटपुरतं. शहापूर-मुरबाडच्या मुलींच्या कबड्डीला कुठली टायर कंपनी शोधत येत नाही.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतली राज्य सूची कधी काढून बघा. तेहतिसाव्या नोंदीत नाटक, चित्रपट, खेळ, करमणूक. चौतिसाव्या नोंदीत पैज आणि जुगार. भिंतीला भिंत लागून दोन घरं. दोन्ही राज्याच्या ताब्यात. घटनाकारांनी काही सुचवण्यासाठी असं केलं असेल असं मला वाटत नाही. पण तेव्हापासून चौतिसाव्या घरातल्या माणसाचा एकच प्रयत्न आहे, आपली पाटी तेहतिसाव्या घरावर लावायची. मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७चा. अजून तोच चालू आहे. गावातल्या धाडीची बातमी वाचली की 'कलम १२ (अ)' दिसतं ते याच कायद्याचं. त्याच्या तेराव्या कलमात एक खिडकी उघडी ठेवली आहे: निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. अशाच खिडक्यांतून घोड्यांच्या शर्यती आत आल्या, रमी आली, शेवटी मोबाइलमधले काल्पनिक संघ आले. सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्य म्हटलं १९६८ साली, घोड्यांना १९९६ साली.

उलट बाजूचा निकाल १९५७चा, आणि तो मुंबई राज्याचाच. बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातली शब्दकोड्याची बक्षीस योजना मुंबई राज्यात खपत होती. राज्याने कर आणि बंधनं लावली, चालक न्यायालयात गेले. सरन्यायाधीश एस. आर. दास यांनी सांगितलं की जुगार हा व्यापारच नव्हे, त्यामुळे व्यवसायस्वातंत्र्याचा मूलभूत हक्क त्याला मिळणार नाही. ते सांगताना त्यांनी ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या विलापापर्यंत मागे जाऊन दाखले दिले. हा निकाल मी वादविवादाच्या आधी सरांना सांगितला होता. त्यांनी तो दोन्ही बाजूंना वाटून टाकला. खेळाडू माणूस, निःपक्षपाती.

इकडच्या भागात जुगार म्हटलं की मोबाइल नंतर आठवतो. आधी आठवतं ते गोकुळाष्टमीचं जागरण. त्या रात्री पत्ते खेळणं हे ठाणे-रायगडच्या कितीतरी गावांत पाप नाही, जवळपास विधी आहे, गणपतीतही तेच. दुसऱ्या दिवशी दहीहंडीला ज्याच्या खिशात शंभराची नोट नाही तो रात्रभर तीन पत्तीला बसलेला, हे सगळ्या गावाला कळतं. आणि मग आकडा, म्हणजे मटका. टपरीवाल्याला मी विचारलं, अजून चालतो का? तो चहा ओतत राहिला. "पूर्वीसारखा नाय," एवढंच म्हणाला. पूर्वीसारखा कसा होता, हे मात्र त्याने पाच मिनिटं रंगवून सांगितलं. ओपन, क्लोज, जोडी, पाना. वहीच्या कागदाची चिठ्ठी. रात्री आकडा फुटेपर्यंत जागणारी माणसं. स्वप्नात साप आला तर कुठला आकडा, प्रेतयात्रा दिसली तर कुठला.

इथे एक मजेशीर गैरसमज सांगायला हवा. मुरबाड-शहापूरकडची माणसं 'कल्याण मटक्या'तलं कल्याण म्हणजे आपलंच कल्याण समजतात. गाडी बदलायचं ठिकाण, बाजाराचं ठिकाण, म्हणून मटकाही तिथलाच. प्रत्यक्षात कल्याण मटका हे नाव पडलं कल्याणजी भगत यांच्यावरून. १९६२ साली वरळीत त्यांनी हा धंदा सुरू केला. त्याआधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले भाव तारेने मुंबईला यायचे आणि त्यांच्या शेवटच्या आकड्यांवर पैज लागायची. ते बंद पडलं म्हणून मडक्यातून चिठ्ठी काढायची कल्पना. १९६४मध्ये रतन खत्रींनी वेगळा मटका काढला आणि गिरणगाव त्यात बुडालं. १९८२च्या संपाने गिरण्या गेल्या, गिऱ्हाईक गेलं, तेव्हा मटका उतरणीला लागला. पण रेल्वेच्या रुळांवरून तो कसाऱ्यापर्यंत आधीच पोचलेला होता.

सरांनी त्याच व्हरांड्यात गणिताचा तास घेतला. एकेरी आकडा दहापैकी एक. बरोबर आला तर रुपयाला नऊ. जोडी शंभरात एक, रुपयाला नव्वद. म्हणजे रुपयामागे सरासरी दहा पैसे गेले. रोज पन्नास रुपये लावणाऱ्याचे दिवसाला पाच, वर्षाला अठराशे पंचवीस. "एवढंच?" मागून एक मुलगा म्हणाला. एवढंच, हिशेबात. पण जिंकलेले साडेचारशे घरी येत नाहीत. ते दुसऱ्या दिवशी परत लागतात, आणि त्यांच्यातूनही दहा टक्के जातात. गणित वहीत बरोबर सुटतं, घरात सुटत नाही.

राज्याने या धंद्यात स्वतः हात घातला तो १९६९ साली. केरळने १९६७मध्ये सरकारी लॉटरी काढली होती. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राची लॉटरी आली, आणि सांगितलेलं कारण होतं मटक्याला आळा घालण्याचं. जुगार थांबवण्यासाठी जुगार. आळा बसला की नाही हे गिरणगावच्या म्हाताऱ्यांना विचारा. दोन्ही बाजूबाजूला चालले. सकाळी लॉटरीचं तिकीट, संध्याकाळी आकडा. १९९८च्या केंद्रीय कायद्याने लॉटरीला शिस्त लावली. एका लॉटरीची आठवड्यात एकापेक्षा जास्त सोडत नाही, भव्यतम सोडती वर्षाला सहाच, एका अंकावर बक्षीस नाही, विक्रीचा पैसा राज्याच्या लोकलेख्यात. २२ सप्टेंबर २०२५पासून लॉटरीवरचा जीएसटी २८चा ४० टक्के झाला आहे, कॅसिनो आणि घोड्यांच्या शर्यतींच्या पंगतीत.

बाजूने बोलणाऱ्या दोघींचा मुद्दा इथून सुरू झाला, आणि तो कच्चा नव्हता. लॉटरी आहेच, कर आहेच, पैसा तिजोरीत जातोच. मग त्यातला एक ठरावीक हिस्सा मुलींच्या खेळासाठी बांधून टाकायला काय हरकत? केरळने के. एम. मणी अर्थमंत्री असताना 'कारुण्य' लॉटरी काढली आणि तिचा पैसा गरिबांच्या आजारपणाला लावला. ब्रिटनने १९९४च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय लॉटरी सुरू केली आणि खेळ हा तिच्या वाटेकऱ्यांतला एक ठरवला. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला एक सुवर्ण होतं, २०१२च्या लंडनमध्ये २९. मुलीने हे आकडे असे टाकले की जणू तिने स्वतः मोजले होते.

ब्रिटनचं ऐकताना मला आणखी एक गोष्ट आठवत होती, जी या मुलींच्या तयारीत नव्हती. १९२३ साली लिव्हरपूलमध्ये लिटलवुड्स कंपनीने फुटबॉलच्या निकालांवर पैज लावायची कुपनं छापायला सुरुवात केली. घरोघर कुपनं जायची, भरून परत यायची, आणि ती तपासायला हजारो बायका लांबच लांब टेबलांवर बसायच्या. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९२१मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी केली होती. ती बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकली. म्हणजे अर्धं शतकभर, ज्या खेळावरच्या जुगाराची चिठ्ठीचपाटी बायका सांभाळत होत्या, तो खेळ त्यांना त्या मैदानावर खेळता येत नव्हता. आज तिथे जुगाराच्या पैशातून बायकांचा खेळ उभा करावा का, यावर चर्चा होते, तेव्हा मला त्या टेबलांवरच्या बायका दिसतात. देणं जुनं आहे.

बाजूने बोलणारी दुसरी मुलगी जास्त धीट होती. तिने पैसा कुणाचा, या प्रश्नालाच हात घातला. "गणपतीची वर्गणी घेताना कुणी विचारतं का, कुठून आणली? सामन्यांना मंडप कोण देतं, सगळ्यांना माहीत असतं." यावर पालकांतले दोन पुरुष जमिनीकडे बघू लागले. तिचं खरं होतं. भाताची झोडणी उरकली की डिसेंबरपासून या पट्ट्यात टेनिस चेंडूचे क्रिकेट सामने सुरू होतात. समृद्धी महामार्ग या तालुक्यातून गेला; इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५मध्ये खुला झाला. जमिनीला भाव आले तशी बक्षिसांनाही चढण लागली. पहिलं बक्षीस मोटारसायकल. लाउडस्पीकरवरून प्रत्येक षटकारावर कुणी शंभर, कुणी पाचशे लावतो, त्यांची नावं पुकारली जातात. पाठीमागे सीमारेषेवर आणखी काय लागतं, हे पुकारलं जात नाही. मुलींचा सामना ठेवलाच तर शेवटच्या दिवशी, प्रमुख पाहुणे उशिरा येणार असले म्हणजे, वेळ भरायला. प्रदर्शनीय.

कबड्डीचं आणखी दुखरं. प्रो कबड्डी २०१४ला आली, गावागावातल्या पोरांना मॅट दिसली, लिलाव दिसले. बायकांसाठी २०१६मध्ये तीन संघांची एक स्पर्धा झाली. एकच हंगाम. मग नाही. या व्हरांड्यातल्या मुली तेव्हा अंगणवाडीत असतील किंवा तिच्याही आधीच्या. त्यांच्या आठवणीत बायकांची लीग नाहीच. दुसरीकडे, तेव्हा काही दिवसांत सुरू होणार असलेल्या २०२५च्या महिला क्रिकेट विश्वचषकात जिंकणाऱ्या संघाला ४४.८ लाख डॉलर मिळणार होते, २०२३च्या पुरुषांच्या विजेत्यांपेक्षा जास्त. नवी मुंबईतही सामने होते. त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघाने नेपाळला ७८-४० असं हरवलं. कसारा घाट चढून पलीकडे गेलं की धावपटू कविता राऊतचं सावरपाडा. म्हणजे वर शिखर आहे, चकाकतंही आहे. खाली फक्की नाही.

विरुद्ध बाजूची पहिली मुलगी पाठ करून आली होती, आणि युधिष्ठिरापाशी अडकली. दुसरी उभी राहिली तेव्हा तिच्या हातात कागद नव्हता. ती म्हणाली, "तिकीट कोण घेणार? अंबानी नाय घेणार. आमच्या वाडीतलाच माणूस घेणार. त्याच्या पोरीच्या बुटाचे पैसे तिकिटाला जाणार, मग तिकिटाचे पैसे सरकारकडं जाणार, मग सरकार त्या पोरीला बूट देणार. आणि बुटावर नाव कुणाचं?"

बसली. टाळ्या उशिरा आल्या.

याहून नेमकं मला सांगता येणार नाही. मी फक्त तिच्या म्हणण्याला थोडे पुरावे जोडते. गोव्याने १९९०च्या दशकात कायदा सैल करून पंचतारांकित हॉटेलांत आणि पुढे मांडवीतल्या बोटींवर जुगार येऊ दिला. त्याच गोव्याने फेब्रुवारी २०२०पासून गोवेकरांनाच कॅसिनोत जायला बंदी केली. पैसा हवा, पण आपल्या माणसाचा नको. इतका प्रामाणिक कबुलीजबाब दुसऱ्या कुठल्या सरकारने दिल्याचं मला आठवत नाही. विधी आयोगाने २०१८च्या आपल्या २७६व्या अहवालात, बंदी जमत नसेल तर नियमन करा असं म्हणताना अट घातली की सरकारी अनुदानावर जगणाऱ्यांना यात येऊ देऊ नये. म्हणजे रेशनवर धान्य घेणाऱ्याने आकडा लावू नये. ऐकायला ठीक. पण शहापूर तालुक्यात ही अट लावली तर उरतं कोण? भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी मुंबईला पाठवून उन्हाळ्यात स्वतः टँकरची वाट बघणारा हा तालुका. इथून मुंबईला एकदा पाणी गेलं, लॉटरीच्या नळातून आणखी काय न्यायचं आहे?

मधल्या वेळात मागे बसलेली एक आई बोलली. तिची मुलगी स्पर्धेत नव्हती. ती फक्त शाळा सुटायची वाट बघत होती. "दारूचं दुकान आडवी बाटली करून बंद करता येतं," ती म्हणाली. "गावात बायकांनी मतदान केलं की झालं. आकड्याला काय आडवं करायचं? तो तर आता खिशातल्या फोनात." मला तिला विचारायचं होतं, तुमच्याकडे कोण खेळतं? विचारलं नाही. तिने सांगितलं असतं.

'प्रायोगिक तत्त्वावर' या दोन शब्दांवर कुणीच बोललं नाही, म्हणून ते काम मी करते. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनो नियंत्रण आणि कर कायदा केला. विधिमंडळाने मंजूर केला, पुस्तकात छापला. अंमलात कधी आलाच नाही. मधूनमधून कुणीतरी उच्च न्यायालयात जाऊन विचारायचं, हा कायदा लागू का करत नाही? २०२३मध्ये सरकारने तो रद्द केला. लागू न करताच सत्तेचाळीस वर्षं ठेवलेला कायदा. जे राज्य न लावलेला कायदा सत्तेचाळीस वर्षं सांभाळतं, ते लावलेला प्रयोग तीन वर्षांत आवरतं घेईल, यावर मी एक रुपया लावणार नाही. प्रयोगात पैसा येऊ लागला की त्या पैशावर पगार बसतात, प्रशिक्षक नेमले जातात, वसतिगृह भाड्याने घेतलं जातं. मग प्रयोग बंद करायचा म्हणजे मुलींना वसतिगृहातून बाहेर काढायचं. कोण काढेल? जुगाराच्या धंद्याला हेच हवं असतं. मुली ढालीसारख्या पुढे.

आणि पैसा बांधून ठेवायचा असेल तर त्यासाठी जुगारच हवा, हे तरी कुठे लिहिलं आहे? वि. स. पाग्यांच्या कल्पनेतून रोजगार हमी आली. १९७२च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. तिला पैसा कुठून आणायचा, तर १९७५मध्ये व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदारांनी खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी द्यायचा, राज्याने त्यात आपली भर घालायची. आजही पगारपत्रकावर महिना दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापले जातात. माझेही पंधरा वर्षं कापले गेले, आणि ते कशासाठी हे मला कचेरीत कुणी सांगितलं नाही. मी स्वतः शोधलं. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून थोडं, ज्याला नाही त्याच्यासाठी, कायद्याने बांधून: ही पद्धत या राज्याने स्वतः शोधली होती. मुलींच्या मैदानासाठी पगारपत्रकावर दहा रुपये वाढवा म्हटलं तर गदारोळ होईल, हे मला दिसतं. लॉटरीत गदारोळ होत नाही, कारण तिथे देणारा हसत हसत देतो. लॉटरीची खरी सोय तीच.

बाजूच्या मुलींना मी अखेरीस नियमाबाहेरचा एक प्रश्न विचारला. समजा मिळाले पैसे, तुमच्या ताब्यात दिले, काय कराल? मला वाटलं मॅट म्हणतील. किंवा बूट, गुडघ्याचे पट्टे, कपडे बदलायला खोली. खोली एकीने म्हटली खरी, हळूच. पण जी धीट होती ती म्हणाली, "साडेपाचची जीप साडेसहाला करीन."

समजायला मला थोडा वेळ लागला. मग सरांनी उलगडून सांगितलं. पाचला शाळा सुटते. लांबच्या पाड्यांवरच्या मुलींना घेऊन जाणारी जीप साडेपाचला भरते आणि निघते. नंतर पायी, ओढा ओलांडून. म्हणून सराव अर्ध्या तासाचा. रेघा आखण्यात त्यातली दहा मिनिटं जातात. मुलगे तासभर थांबतात. त्यांना अंधाराचं कुणी विचारत नाही. चढाईचा दम तीस सेकंदांचा, सराव वीस मिनिटांचा, आणि तालुक्याच्या सामन्याला समोर कल्याण-ठाण्याकडच्या रोज दोन तास मॅटवर घाम गाळणाऱ्या मुली. "हरतो आम्ही," सर म्हणाले, "पण पहिला डाव बरोबरीत असतो. दुसऱ्या डावात पाय जड होतात. सराव कधी तेवढ्या वेळाचा झालेलाच नसतो ना."

जीपचा खर्च कुठल्या लेखाशीर्षात बसेल याचा मी विचार करत होते. क्रीडा? परिवहन? आदिवासी विकास? महिला व बालकल्याण? 'कबड्डीसाठी जीप तासभर थांबवणे' असं शीर्ष कुठे नसावं. प्रायोजकालाही ते परवडणारं नाही, जीपवर फलक लावला तरी ओढ्यापलीकडे तो बघायला कोण आहे.

पाऊस उघडला होता. उरलेल्या वेळात मुली मैदानावर उतरल्या. वादविवादाच्या चौघींतल्या तिघी संघातल्याच होत्या, बाजूची धीट मुलगी आणि विरुद्धची, कागद नसलेली, एकाच अंगाला. पहिली डावा मध्यरक्षक, दुसरी कोपऱ्यात. चढाई करणारी राखेच्या बाजूने आत आली, बोनस घ्यायला पाय पुढे टाकला आणि दोघींनी तिला असं धरलं की तिघीही चिखलात. कोण रेषेच्या आत, कोण बाहेर, यावर भांडण सुरू झालं. सर शिट्टी तोंडात धरून वाकून बघत होते. रेघ तिथे नव्हतीच.

तेवढ्यात रस्त्यावरून हॉर्न आला. दोनदा, मग लांब. मुलींनी दप्तरं उचलली, चपला हातात घेतल्या आणि भांडण तसंच टाकून पळाल्या. निकालाचा कागद माझ्या पिशवीत होता, सही करायची राहिली होती. जीपच्या मागच्या फळीवर उभं राहून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, निकाल?"

"सोमवारी," सर म्हणाले, आणि फक्कीचं रिकामं पोतं झटकून घडी घालायला लागले.